अर्धा सेंटिमीटर जास्त रुंद डोकं आणि शकांची वंशावळ : एक प्रकरण अभ्यास

मध्यंतरी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर भाच्याने एक जुना नकाशा टाकला. हिंदुस्थानचे सात रंगांत सात तुकडे, आणि महाराष्ट्राच्या रंगावर लिहिलेलं : 'सिथो-द्रविड'. खाली भाच्याची ओळ होती, "म्हणजे आपण शक? डोक्याच्या मापावरून सिद्ध झालंय म्हणे." त्याला तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही. ही वर्गवारी कुठून आली, कशावर उभी राहिली आणि कुणी कशी तपासली, हे सगळं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच मराठी माणसांनी केलेलं काम आहे. म्हणून हे लिहितो आहे.

ही वर्गवारी सर हर्बर्ट रिस्ली या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याची. 1901 च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्या अहवालात आणि पुढे 1908 च्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथात त्याने इथल्या माणसांचे सात शारीरिक प्रकार सांगितले. पंजाब-राजपुतान्याकडे इंडो-आर्यन, दक्षिणेकडे द्रविड, हिमालयाच्या आणि ईशान्येच्या बाजूला मंगोलॉइड, मधल्या पट्ट्यांत निरनिराळी मिश्रणं. मराठी मुलखातले ब्राह्मण, कुणबी आणि खाली कूर्गमधले कोडव यांना त्याने एका खान्यात बसवलं. द्रविड शरीरात शकांचं, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या भटक्या सिथियन लोकांचं, रक्त मिसळलं, म्हणून सिथो-द्रविड. पुरावा एकच होता : या भागातल्या लोकांची डोकी उत्तरेकडच्यांपेक्षा आणि दक्षिणेकडच्यांपेक्षा थोडी रुंद भरतात.

माप कसं घेतात

डोक्याची लांबी म्हणजे भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून मागच्या सर्वांत पुढे आलेल्या टोकापर्यंतचं सरळ अंतर. रुंदी म्हणजे कानांच्या वर, जिथे डोकं सर्वांत जास्त पसरलेलं असेल तिथलं अंतर. दोन्ही वाकड्या टोकांच्या कॅलिपरने घेतात. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणलं की जो आकडा येतो तो शीर्षनिर्देशांक. स्वीडनच्या अँडर्स रेट्झियसने 1842 साली ही युक्ती काढली आणि पुढची शंभर वर्षं युरोपने या एका भागाकारावर माणसांची विभागणी केली. साधारण 75 च्या खाली ते लांब डोक्याचे, 80 च्या वर ते रुंद डोक्याचे, मधले ते मध्यम.

रिस्लीच्या तक्त्यांत पश्चिम भारतातल्या गटांची सरासरी देशस्थ ब्राह्मणांपाशी 77 च्या आसपास सुरू होते आणि नागर ब्राह्मण, प्रभू, कोडव यांच्यापाशी 80 ला टेकते. म्हणजे या खान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर तीन अंकांचं. तीन अंक म्हणजे प्रत्यक्षात किती? समजा डोक्याची लांबी 184 मिलिमीटर आहे. रुंदी 141.7 असेल तर निर्देशांक 77 येतो, 147.2 असेल तर 80. फरक साडेपाच मिलिमीटरचा. दाट केसांवरून, शेंडीच्या किंवा अंबाड्याच्या कडेने कॅलिपर थोडा सैल धरला की दीड-दोन मिलिमीटर तिथेच जातात, आणि निर्देशांक जवळजवळ एकाने बदलतो. रिस्लीच्या बंगालमधल्या पहिल्या मोहिमेत सुमारे 6000 माणसं मोजली गेली, तीही बरीचशी इस्पितळातल्या सहायकांकरवी. ती माणसं निवडली कुणी, त्यांची जात कुणी सांगितली, हे प्रश्न मापाच्या आधीचे आहेत. कुणबी आणि मराठा यांच्यामधली रेघ गावागणिक आणि पिढीगणिक सरकत होती, तरी तक्त्यात दोघांना वेगळी, पक्की ओळ मिळाली.

तरीही मापं खोटी होती असं मी म्हणणार नाही. एकेका गटातली शंभर-शंभर माणसं नीट मोजली तर तीन अंकांचा फरक निव्वळ योगायोगाने येत नाही. सरासरीतला फरक खरा असू शकतो. पण सरासरी ही कुणाच्याच खांद्यांवर नसते. कोणत्याही एका गटात माणसामाणसांतला फरक मोठा असतो. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून माणसं सर्वसाधारणपणे किती लांब पडतात तो आकडा, साधारण साडेतीन अंकांचं धरा. आता कमी सरासरीच्या गटातला एक माणूस आणि जास्त सरासरीच्या गटातला एक माणूस अशा चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर दर चार जोड्यांमागे साधारण एका जोडीत 'अरुंद' गटातल्या माणसाचं डोकं जास्त रुंद निघेल. ही तर खान्याच्या दोन टोकांची गोष्ट. मधल्या गटांत हा घोळ आणखी वाढतो. खुद्द रिस्लीने नोंदवलं आहे की मराठा कुणबी आणि शेणवी यांच्यातल्या एखाद्याचा निर्देशांक 90 च्याही पुढे जातो. गटांमधला फरक तीन अंकांचा, आणि एकाच गटातला पसारा त्याच्या कितीतरी पट. हे ज्याच्या हातात होतं, त्याने त्यातून आक्रमणाची गोष्ट काढली.

शकांची गोष्ट

ती गोष्ट अशी. मध्य आशियातून रुंद डोक्याचे शक वायव्येकडून आत आले. मागून आलेल्या लोंढ्यांनी त्यांना पंजाबातून दक्षिणेकडे रेटलं. ते पश्चिम भारतात उतरले, तिथल्या द्रविडांत मिसळले आणि मराठ्यांचे पूर्वज झाले. उच्च जातींत शकांचा अंश जास्त, खालच्या जातींत द्रविडांचा. एवढ्यावर तो थांबत नाही. मराठ्यांच्या दूरदूरच्या स्वाऱ्या, गनिमी कावा, आपसातली कारस्थानं, टिकाऊ राज्य उभारण्यात आलेलं अपयश, हे सगळं त्याने भटक्या शकांचा वारसा म्हणून सांगितलं. ज्यांचं राज्य इंग्रजांनी 1818 साली जिंकलं, त्यांचं राज्य मुळात टिकणारच नव्हतं, याचं कारण नव्वद वर्षांनी त्यांच्या कवटीत सापडलं. हे वाचताना मला आजही राग येतो.

शक महाराष्ट्रात आले होते, हे मात्र खरं. त्यासाठी कुणाचं डोकं मोजायची गरज नाही. क्षहरात या शक कुळातल्या नहपान राजाचा अंमल नाशिक-जुन्नर-कार्ले या पट्ट्यात होता. त्याचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो आणि नाशिकच्या लेण्यातल्या लेखात तीन लाख गाई दान दिल्याचं सांगतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपानाच्या 13 हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. सातकर्णीच्या आईने, बलश्रीने, नाशिकला कोरून घेतलेल्या लेखात तर क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचाच दावा आहे. राजकवीच्या भाषेला तेवढ्याच तोलाने घ्यावं, पण या लेखांवरून दिसतं ते एक राज्यकर्तं कुटुंब, त्याचे सरदार, त्याची दानं, त्याची नाणी. संपूर्ण दख्खनची डोकी रुंद होतील एवढी लोकवस्ती त्यांनी आणली, असं सांगणारा एकही दगड नाही.

रिस्लीच्या हयातीतच त्याच्या बिरादरीतल्या माणसाने हे दाखवून दिलं. विल्यम क्रुक हाही सनदी अधिकारी आणि जातींचा अभ्यासक. 1910 साली रजपूत आणि मराठे यांच्यावर लिहिलेल्या निबंधात त्याने मराठ्यांचं शक मूळ नाकारलं. पुढे 1915 साली रिस्लीच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढायचं काम क्रुककडेच आलं, आणि प्रस्तावनेत त्याने आपले आक्षेप मांडले. नकाशा मात्र तसाच राहिला. आज फोनवर फिरतो तो नकाशाच. प्रस्तावना कुणी पुढे पाठवत नाही.

शक बाजूला झाले तरी रुंद डोकी उरलीच होती. 1916 साली रमाप्रसाद चंदांनी त्याच आकड्यांना दुसरे पूर्वज दिले : पामीरकडून आलेले, आर्यभाषा बोलणारे पण रुंद डोक्याचे 'अल्पाइन' लोक, जे गुजरात, महाराष्ट्र आणि बंगालात पसरले. चंदा बंगाली होते आणि बंगाल्यांची डोकीही रुंद भरतात. रिस्लीने त्यांना मंगोल मिश्रणाच्या खान्यात टाकलं होतं, ते चंदांना मान्य नव्हतं. 1931 च्या जनगणनेसाठी बिरजा शंकर गुहांनी नव्याने मापं घेतली आणि पश्चिमेकडच्या रुंदमस्तकी वंशाचे तीन उपप्रकार केले. गुहा हार्वर्डमध्ये शिकलेले, कामात काटेकोर. पुढे भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचे पहिले संचालक झाले. पण पंचवीस-तीस वर्षांत एका भागाकाराला तीन वेगवेगळे पूर्वज लाभले, ही गोष्ट त्यांच्या काटेकोरपणाने बदलत नाही. डोकं रुंद आहे एवढंच कॅलिपर सांगतो. कशामुळे, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनातून घातलं.

मोहरीची उशी

इथे एक अगदी घरगुती गोष्ट सांगतो. याच भाच्याच्या मुलीचं बारसं या वर्षी झालं. पाळण्यात तिच्या डोक्याखाली मोहरीची उशी होती. माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आजी, रोज सकाळी तेल लावताना तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल फिरवायची. "आत्ताच वळण लावायचं, नंतर हाड धरतं," हे तिचं म्हणणं. नाक चिमटीत ओढून सरळ करायचं, कपाळ चोळायचं, टाळूवर तेल थापायचं. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ बाळाच्या डोक्याखाली काहीही ठेवू नका असं बजावतात आणि ते ऐकावं. पण तान्ह्या बाळाचं डोकं ओल्या मातीसारखं असतं, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. एका अंगावर सतत निजवलं तर डोकं त्या बाजूने चपटं होतं. उताणं निजवलं तर मागून सपाट होतं आणि रुंदी वाढते.

1992 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथं न निजवता उताणं किंवा (तेव्हा) कुशीवर निजवा असा सल्ला दिला. झोपेत होणारे अचानक मृत्यू टाळण्यासाठी तो आवश्यकच होता आणि त्याने असंख्य बाळं वाचली. त्याबरोबर मागून चपट्या डोक्याची बाळं दवाखान्यात मोठ्या संख्येने दिसू लागली. कुठूनही शक आले नव्हते. निजवण्याची पद्धत तेवढी बदलली होती.

आणि हे केवळ चपटेपणापुरतं नाही. रिस्लीचा ग्रंथ छापून झाला त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस सुमारे 18 हजार माणसांची मापं जमवत होते : पूर्व युरोपातून आलेले ज्यू, सिसिलीचे इटालियन, बोहेमियन, पोल, स्कॉट, आणि त्यांची मुलं. काही मुलं युरोपात जन्मलेली, काही त्याच आईबापांची अमेरिकेत आल्यावर झालेली. ज्यूंची युरोपातली रुंद डोकी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत थोडी लांबट झाली होती, सिसिलियनांची लांब डोकी थोडी रुंद. फरक साधारण दोन अंकांचा, एका पिढीत. ज्या मापाला वंशाची अढळ खूण मानलं जात होतं, ते समुद्र ओलांडल्यावर हललं.

या निष्कर्षावर नव्वद वर्षांनी पुन्हा वाद झाला. 2002 साली स्पार्क्स आणि जँट्झ यांनी बोआस यांचीच आकडेवारी संगणकावर घालून म्हटलं की बदल आहे, पण गटागटांतल्या फरकापुढे तो लहान आहे. पुढच्याच वर्षी ग्रेव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी तपासून बोआस मुख्य मुद्द्यात बरोबर होते असा निर्वाळा दिला. मला दोन्ही बाजू वाचून एवढं पटतं : डोक्याच्या आकारात आनुवंशिकतेचा वाटा आहे, चांगला मोठा आहे, आणि तरीही एक-दोन अंक इकडे-तिकडे व्हायला पाळणा, आहार आणि परिसर पुरतात. आपलं सगळं प्रकरण तीन अंकांवर उभं आहे, हे विसरून चालणार नाही.

सोनकोळी, देशस्थ आणि डॉ. आंबेडकर

रिस्लीचा आवडता आकडा खरं तर डोक्याचा नव्हता, नाकाचा होता. नाकाची रुंदी भागिले उंची. त्याचा दावा असा की जातीची सामाजिक पायरी आणि नाकाची रुंदी यांचं नातं उलटं आहे : नाक जितकं बारीक तितकी जात वरची. हा दावा तपासला तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी. केंब्रिजहून परतून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या घुर्यांनी 1932 च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या पुस्तकात छापून आलेलीच मापं पुन्हा मांडली, पण प्रश्न बदलला. ही जात कोणत्या वंशाची, असं न विचारता त्यांनी विचारलं : त्याच प्रांतातल्या कोणत्या जातीशी हिची मापं जुळतात?

मुंबई इलाख्यातलं उत्तर त्यांनी नोंदवलं ते असं. देशस्थ ब्राह्मण शरीरमापांनी चित्पावन ब्राह्मणाच्या जितका जवळ आहे, तितकाच सोनकोळ्याच्याही जवळ आहे. त्यानंतर महार आणि कुणबी. त्यांच्या मागून शेणवी, नागर ब्राह्मण आणि उच्च मराठे. सामाजिक उतरंड आणि शारीरिक फरक यांचा मुंबईत मेळ बसत नाही. उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः संयुक्त प्रांतात (साधारण आजच्या उत्तर प्रदेशात), काही प्रमाणात मेळ दिसतो हेही त्यांनी मान्य केलं. गैरसोयीचा आकडा लपवला नाही. घुर्यांच्या इतर मतांशी माझं फारसं पटत नाही, पण या प्रकरणातलं त्यांचं काम स्वच्छ आहे.

सोळा वर्षांनी हे पान एका फार मोठ्या माणसाने उघडलं. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर प्रश्न होता : अस्पृश्यतेचं मूळ वंशभेदात आहे का? अस्पृश्य म्हणजे आर्यांनी जिंकलेले परके लोक, हे मत तेव्हा शिकलेल्यांत रुळलेलं होतं, आणि त्यात दोन्ही बाजूंची सोय होती. बाबासाहेबांनी घुर्यांचे नासिका निर्देशांकांचे निष्कर्ष सविस्तर उद्धृत केले, सोनकोळी आणि देशस्थांचा तो उताराही. मग त्यांनी मानवमितीला, म्हणजे शरीरं मोजण्याच्या या शास्त्राला, तिच्याच शब्दांत धरलं. वंश ठरवायला हे शास्त्र विश्वासार्ह असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. ब्राह्मण नाग असतील तर तेही नाग.

या युक्तिवादातले 'असेल तर' हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. मापं खरी आहेत की नाहीत यात ते अडकले नाहीत. ज्या हत्याराने माणसांना खाली ढकललं गेलं, त्याचंच म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि ते हत्यार काही वेगळंच बोलतं आहे हे दाखवलं. बत्तीस वर्षांपूर्वी, मे 1916 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला होता. हिंदुस्थानातले सगळेच लोक वंशाने संमिश्र आहेत, एकपण आहे ते संस्कृतीचं, हे त्यात आलेलंच आहे. गोल्डनवायझर हे बोआस यांचे विद्यार्थी, आणि बोआसही तिथेच शिकवत होते.

149 कवट्या

घुर्यांच्या हाताखाली 1928 मध्ये चित्पावनांवर प्रबंध लिहून एम. ए. झालेली एक विद्यार्थिनी त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनला गेली. इरावती कर्वे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला पाठिंबा नव्हता; पती दिनकर कर्वे पाठीशी होते. दाहलेममधल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक झाले. हा तोच फिशर, ज्याने नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या मिश्र कुटुंबांवर अभ्यास करून मिश्रविवाहांविरुद्ध निष्कर्ष काढले होते आणि नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये जो बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला.

इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या विषमतेचा. त्यामागची कल्पना अशी की गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, म्हणून त्यांची कवटी जास्त विषम, आणि ती विषमता म्हणजे वरच्या बुद्धीची खूण. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंश आणि विषमता यांच्यात काहीही संबंध सापडला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या मनात काय आहे हे दिसत असताना, एकेक कवटी हातात धरून आलेला आकडा आहे तसा ठेवणं किती अवघड गेलं असेल! आणि त्या कवट्या कुणाच्या? बर्लिनच्या तेव्हाच्या संग्रहांत जर्मन वसाहतींतून, कबरी उकरून आणि फाशी दिलेल्यांची मस्तकं पाठवून, हजारो कवट्या आलेल्या होत्या. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सुमारे हजारभर कवट्यांचा तिथल्या संग्रहालय प्रतिष्ठानाने अलीकडे शोध घेतला. 2023 मध्ये टांझानियातल्या किलिमांजारो भागातल्या काही कवट्यांचे जिवंत नातेवाईक जनुकीय तपासणीतून सापडले.

परतल्यावर, 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, बाईंनी कॅलिपर ठेवून दिला नाही. तो घेऊन त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. 1951 साली त्यांनी महाराष्ट्रातल्या शरीरमापांचा ग्रंथ काढला, सहलेखक वि. म. दांडेकर, पुढे देशातलं दारिद्र्य मोजणारे तेच दांडेकर. 'वंश' हा शब्द बाईंच्या लिखाणातून कधी पुरता गेला नाही, आणि आजच्या वाचकाला तो खटकतो. पण त्यांचा प्रश्न रिस्लीचा नव्हता. 'ब्राह्मण' किंवा 'कुंभार' हे एक नाव घेणारे सगळे लोक मुळात एक होते आणि नंतर फुटले, की आधीपासून वेगळे गट एका नावाखाली आले? कुंभारांत थोरचाके आणि लहानचाके आहेत. धंदा एक, पण चाक वेगळं, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. 1968 साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची तुलना छापली. ते आठही एका फुटलेल्या घराण्याचे तुकडे दिसत नाहीत, असा त्यांचा कौल होता. मोजण्याचं एकक म्हणून त्यांनी जातीचं मोठं नाव घेतलं नाही. ज्या वर्तुळात मुली दिल्या-घेतल्या जातात ते वर्तुळ घेतलं.

एक आकडा घेऊन माणसांचं अंतर ठरवू नये, हे गणिताच्या बाजूने प्रशांतचंद्र महालनोबिसांनी सांगितलं. 1920 साली नागपूरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी त्यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं तपासायला सुचवलं. त्या कामातून पुढे अनेक मापांचा एकत्र आणि त्यांच्या परस्परसंबंधांसकट विचार करणारं 'महालनोबिस अंतर' 1936 मध्ये आकाराला आलं. रिस्लीची बंगालची आकडेवारीही त्यांनी दुरुस्त करून मांडली. हे सूत्र आज कारखान्यातला सदोष माल ओळखण्यापासून संगणकशास्त्रापर्यंत सगळीकडे वापरलं जातं.

भाच्याला पाठवलेलं उत्तर

मग डोकी रुंद का भरली? बहुधा बऱ्याच गोष्टी एकत्र : दख्खनमध्ये हजारो वर्षं झालेली सरमिसळ, मग छोट्या वर्तुळांत सुरू झालेले विवाह, आणि पाळण्यातली निजवण्याची रीत. 2013 साली छापल्या गेलेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतातली मोठी सरमिसळ साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात झाली, जवळजवळ सगळ्या गटांना तिने स्पर्श केला, आणि मग जातींतर्गत विवाहांनी ती मंदावली. रिस्लीचे सात रंग त्या चित्रात कुठेही बसत नाहीत.

भाच्याला मी जोगळटेंभीच्या एका नाण्याचा फोटो पाठवला, ज्यात नहपानाचा चेहरा सातकर्णीच्या ठशाखालून अजून दिसतो, आणि लिहिलं की शक इथे आले होते हे एवढ्यावरून कळतं. तू त्यांचा कोण, हे तुझ्या डोक्यावरून कळत नाही. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. तो मुलीला लस द्यायला घेऊन गेला होता. डॉक्टरांनी तिच्या डोक्याभोवती टेप लावून घेर मोजला, कार्डवरच्या वाढीच्या रेषेवर ठिपका दिला आणि मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडला. आजीला उशी काढायला सांगितली आहे. पुढचं माप सहा आठवड्यांनी.